खुळखुळणारी पिस्तुलं

आमचे हे पिस्तूल हातात घेतात तेव्हा आधी ते कानाशी नेऊन हलवतात. आतून खुळखुळ असा आवाज आला की मान डोलावतात, मगच पुढचं काम. त्यामुळे सगळी पोलीस लाइन त्यांना 'खुळखुळा' म्हणते. तोंडावर म्हणायची कोणाची हिंमत नाही, पण 'खुळखुळ्याची बायको आली' हे मी दुकानाच्या रांगेत स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पूर्वी राग यायचा. आता वाटतं, निदान कामावरून तरी नाव पडलंय. आमच्या शेजारच्या हवालदाराला सगळे 'ढेकर' म्हणतात आणि त्याचा काही इलाज नाही.

हे शस्त्रागारात आर्मरर आहेत. सकाळी पिस्तुलं तपासून द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची, बिघडलेली दुरुस्त करायची, एवढंच काम, पण त्यात उभा जन्म गेला. खोली लांबट, गज लावलेली, भिंतीला लाकडी खाचांचे फळे, मधे जाड कापड अंथरलेलं टेबल, आणि पुढे एक खिडकी. तिच्यातूनच सगळी देवघेव. माझं शिवणयंत्र समोरच्या व्हरांड्यात, कपड्यांच्या भांडाराबाहेर. गणवेश सैल करणं, घट्ट करणं, उसवलेलं शिवणं ही माझी नोकरी. म्हणजे लग्न झाल्यापासून मी ह्यांना घरी बघते त्याहून जास्त त्या खिडकीत बघितलंय.

आणि काय बघितलं? तर माणूस खिडकीशी आला की हे मान वर करत नाहीत. नजर पिस्तुलावर. कोण आलंय हे त्यांना पिस्तुलावरूनच कळतं. "मॅगझीन पाडलंस ना परत? ओठ वाकलाय बघ त्याचा." समोरचा मुकाट्याने हो म्हणतो. एकदा नवे साहेब बदलून आले होते, ते स्वतःच पिस्तूल जमा करायला खिडकीशी उभे. हे नेहमीप्रमाणे खाली बघत म्हणाले, "अरे, तेल किती ओतलंयस! तळण तळायचंय का?" साहेबांमागची रांग गार पडली. साहेब भले माणूस, हसले आणि म्हणाले, "चुकलं, उद्यापासून कमी घालतो." तेव्हा कुठे ह्यांनी वर बघितलं आणि मग घरी येऊन दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आमच्याकडची पिस्तुलं जुनी. आमच्या लेकीहून वयाने मोठी. भरती होऊन आलेली नवी पोरं ती बघून नाक मुरडतात. मग हे त्यांना टेबलाशी बोलावतात आणि त्यांचं ठरलेलं भाषण सुरू होतं. मला ते पाठ आहे, व्हरांड्यातून रोज ऐकू येतं.

"ज्याने हे पिस्तूल बनवलं त्याने कागदावर आधी पिस्तूल काढलं नसणार, आधी माणूस काढला असणार. माणूस कसा? आळशी. पिस्तूल पाडणार, पावसात भिजवणार, महिनोन्महिने साफ करणार नाही आणि एक दिवस जिवावर बेतलं की म्हणणार, चाल! तर मग ते चाललं पाहिजे. म्हणून ह्याच्यात भाग थोडे. हत्याराशिवाय उघडतं. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा हा आकडा बघ, केवढा जाड आहे. नाजूक असं काही ठेवलेलंच नाही. आणि मुख्य म्हणजे जागा. ही वरची स्लाइड आणि खालचा सांगाडा, ह्यांच्यात थोडी जागा सोडलीय. धूळ येणारच, काजळी धरणारच. तिला कुठेतरी जायला नको? जागा आहे म्हणून हलवलं की वाजतं. वाजतं ते चालतं. ज्याचा आवाज येत नाही ते पिस्तूल स्पर्धेसाठी. एकदम अचूक, पण त्याला रोज पुसायचं, मखमलीत ठेवायचं. नवऱ्या मुलाचा सूट जसा. घालून गाडी ढकलता येते का त्यात?"

सुटाचं उदाहरण माझं आहे. मीच त्यांना एकदा म्हणाले होते की, पँट उभ्याने छान दिसते म्हणून चालत नाही, माणसाला बसवून बघावं लागतं. ते त्यांनी उचललं, नाव मात्र माझं कधी घेतलं नाही.

बाकी त्यांचं म्हणणं असं, की चांगलं पिस्तूल चालू ठेवायला फार अक्कल लागत नाही. स्प्रिंग थकली की बदलायची, मॅगझीन वाकलं की टाकून द्यायचं, तेल बेताचं घालायचं, आणि बाकीच्या वेळी त्याच्यापासून हात लांब ठेवायचे. "निम्मी पिस्तुलं वापराने बिघडत नाहीत," असं म्हणतात, "हौसेनं बिघडतात."

हे वाक्य लक्षात ठेवा.

आमची लेक एकुलती एक. लहानपणी ती शाळेतून यायची आणि बापाच्या टेबलाखाली बसून स्प्रिंगांशी खेळायची. हे नियमात बसत नव्हतं, पण तेव्हाचे साहेब डोळेझाक करायचे. पुढे ती स्वतःच पोलिसात लागली आणि वायरलेसच्या खोलीत बसू लागली. पंखा, खुर्ची, कानाला यंत्र. ह्यांचा जीव अगदी शांत. आणि मग एक दिवस जेवताना तिने सांगितलं, की कैद्यांना तुरुंगातून कोर्टात नेणाऱ्या तुकडीसाठी तिने अर्ज केलाय.

हे जेवून उठले आणि घरातले सगळे नळ घासायला बसले.

"बाबा, तुम्हाला नको आहे का?" तिने विचारलं.

"मी कुठे काय म्हणालो?"

आमच्याकडे 'मी कुठे काय म्हणालो' याच्याएवढा मोठा नकार नाही. पण पोरगी माझ्यावर गेलीय. तिने अर्ज मागे घेतला नाही. मी तिचा गणवेश नव्याने बेतला, खांद्यात आणि काखेत हात नीट वर जाईल एवढी ढील ठेवली. तुकडीत जायचं तर आधी गोळीबाराची चाचणी होती. त्या आठवड्यात हे शस्त्रागारातून उशिरा यायला लागले. विचारलं तर म्हणायचे, तपासणी आहे. बोटं काळी, डोळे लाल, पण चेहऱ्यावर काहीतरी समाधान. मला वाटलं, चला, पचवलं ह्यांनी.

चाचणीच्या दिवशी वारा सुटला होता. मैदान म्हणजे नुसता उघडा माळ, धुळीचे लोट उठत होते. सकाळी खिडकीतून ह्यांनी लेकीला पिस्तूल दिलं, आणि तिच्यासाठी स्वतःच्या हाताने मॅगझीन पुसून दिलं. मी व्हरांड्यातून बघत होते. मला भरून आलं, उगाच का म्हणू?

दुपारी पोरगी परत आली ती सरळ घरी गेली. मी यंत्रावर कापड तसंच टाकून तिच्यामागे. झालं होतं ते असं. सुरुवातीच्या गोळ्या नीट गेल्या. मग पिस्तूल अडकलं. पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत. तिने ते मोकळं केलं, परत अडकलं. परत मोकळं केलं, परत तेच. वेळ संपली. चाचणी घेणाऱ्या मॅडम कडक, पण न्यायाच्या. त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी, तेव्हाही जमलं नाही तर वायरलेसची खुर्ची आहेच.

संध्याकाळी हे आले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मनगट ढिलं धरलं असशील."

खरं म्हणजे तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण पुरुषमाणूस घाबरला की आधी दुसऱ्याची चूक काढतो, हा माझा अनुभव आहे.

"मनगट?" पोरगी उठून उभी राहिली. "बाबा, त्याच मैदानावर, त्याच धुळीत, त्याच पेटीतल्या गोळ्या सगळ्यांनी उडवल्या. एकाचं अडकलं नाही. तुमची सगळी म्हातारी, खुळखुळणारी पिस्तुलं चालली. माझंच अडकलं. आणि ते तुम्ही मला स्वतःच्या हाताने दिलं होतं."

ह्यांनी पाण्याचा तांब्या उगाच इकडून तिकडे सरकवला.

"तुम्ही मुद्दाम केलंत ना? मी जाऊ नये म्हणून?"

मी तिच्यावर ओरडले. बापाशी असं बोलतात का, वगैरे जे ओरडायचं असतं ते सगळं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. ह्यांनी ताटाकडे बघितलं आणि ताट बाजूला सारलं. एक खरं सांगते, सांगायला लाज वाटते तरी सांगते. तिच्यावर ओरडत होते तेव्हा क्षणभर मलाही तेच वाटलं होतं. ते उशिरा येणं, ती काळी बोटं, ते समाधान. ज्या माणसाच्या हाताखालून गेलेलं पिस्तूल अडकत नाही, त्याच्या पोटच्या पोरीचं अडकतं? आणि नेमकं त्याच दिवशी?

दुसऱ्या दिवशी हे डबा न घेताच गेले. बापलेकीचं बोलणं बंद. तो डबा घेऊन मी दुपारी शस्त्रागाराच्या दाराशी गेले. हे आत एकटेच होते. तिचं पिस्तूल टेबलावर, आणि हे स्लाइड मागे ओढतायत, सोडतायत, मागे ओढतायत, सोडतायत.

"हाताने चालवलं तर लोण्यासारखं चालतंय," मला बघून म्हणाले. "काहीच दोष नाही. मॅगझीन चांगलं, आकडा चांगला. मला कळत नाहीये."

मला पिस्तुलातलं काय कळतं? पण इतकी वर्षं समोर बसून जे बघितलं तेवढं माहीत होतं.

"अहो, ते कानाशी नेऊन बघितलंत का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पिस्तूल उचललं, कानाशी नेलं, हलवलं. मी दाराशी उभी होते, मलाही कान होते. आवाज नाही. परत हलवलं. काही नाही. हे हळूच स्टुलावर बसले.

"ह्याचा आवाज येणार नाही," म्हणाले. "मीच घालवलाय."

मग सगळं बाहेर आलं. कधीतरी मुख्यालयातून नव्या सुट्या भागांचा एक संच आला होता. नवी नळी, नवी स्लाइड, नवी स्प्रिंग. तो ह्यांनी कोणालाच लावला नव्हता, कापडात गुंडाळून ठेवला होता. लेकीने अर्ज केला तसा तो बाहेर काढला. आणि नुसता बसवला नाही, तर रोज संध्याकाळी बारीक वाळूसारखा लेप लावून, घासून घासून, स्लाइड आणि सांगाडा असे जुळवले की मधे केसही जाऊ नये. स्प्रिंगही वाढीव ताकदीची घातली. टेबलावर स्वच्छ पिस्तूल छानच चालत होतं. ह्यांनी शस्त्रागाराच्या भिंतीमागच्या वाळूच्या ढिगावर थोड्या गोळ्या उडवून बघितल्या, तेव्हाही चाललं. पण मैदानावर वारा सुटला, धूळ आत गेली, नळी तापली, काजळी धरली, आणि तिला जायला जागाच नव्हती. त्यात कडक स्प्रिंग. स्लाइड पूर्ण मागे जाईना आणि पुंगळी अर्ध्यात अडकायला लागली.

"बाकीच्यांची चालतात तशी चालू देत," हे म्हणाले. "हिचं मात्र पक्कं असावं असं वाटलं. जराही हलू नये, वाजू नये. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला खिडकीतून बाहेर फेकला असता."

आणि मी हसायला लागले. खरंच. तोंडाला पदर लावून, दाराला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझा जीव भांड्यात पडला होता. काल संध्याकाळपासून मी ज्या माणसाबरोबर संसार केला तो नक्की कोण, असा विचार करत होते, आणि हा तर तोच निघाला, माझा वेडा!

"एवढंच ना?" मी म्हणाले.

"एवढंच?" हे स्टुलावरून उठले. "मैदानावर अडकलं म्हणून कळलं गं. रस्त्यावर अडकलं असतं म्हणजे?"

माझं हसू थांबलं. पण भीती वाटली ती टळून गेलेल्या गोष्टीची, आणि तशी भीती मला परवडते. मी म्हणाले, "नाही ना अडकलं? आता पोरीला सांगा."

"तू सांग."

"मी का सांगू? पिस्तूल मी घासलं का?"

शेवटी मीच वायरलेसच्या खोलीत जाऊन तिला जेवणाच्या सुट्टीत हाताला धरून आणलं. ती खिडकीबाहेर उभी राहिली, बापाकडे न बघता. ह्यांनी पिस्तूल उघडून सगळे भाग तिच्यासमोर खिडकीच्या फळीवर कापड अंथरून मांडले. पोरीने टेबलाखाली बसून बालपण काढलंय. तिने स्लाइड उचलली, सांगाड्यावर सरकवून बघितली, स्प्रिंग दाबून बघितली.

"हे नवीन आहे," ती म्हणाली. "हे कुठून आलं?"

"राखून ठेवलं होतं."

"एवढं घट्ट कोणी बसवलं?"

ह्यांनी नळी उगाच उचलून परत ठेवली.

"बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता, वाजतं ते चालतं. मग माझंच का घट्ट केलंत? दुसऱ्या कुणाचं नाही केलंत कधी."

"दुसरं कुणी माझी पोरगी नाही," हे म्हणाले आणि आधीच स्वच्छ असलेली खिडकीची फळी पुसायला लागले.

पोरगी बराच वेळ त्या स्प्रिंगशी चाळा करत राहिली. नाक ओढलं, मनगटाने पुसलं. मग म्हणाली, "काल मी बोलले ते..."

"मनगट ढिलं नव्हतं तुझं," हे म्हणाले.

आमच्या घरात माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

"मला जुनं द्या," पोरगी म्हणाली. "सगळ्यात जास्त वाजतं ते."

असं एक आहे. त्याला सगळे 'म्हातारी' म्हणतात, कारण त्याचा रंग उडून पांढुरकं झालंय. कोणाच्या वाट्याला आलं की तो तोंड वाकडं करतो. पण ते देण्याआधी ह्यांनी एक काम केलं. मॅडमकडे गेले आणि सांगितलं, चूक माझी, पिस्तुलाची नाही आणि पोरीचीही नाही. मॅडमनी ऐकून घेतलं, लेखी ताकीद दिली, आणि 'म्हातारी' बदलून द्यायला परवानगीही दिली. ताकीद घेऊन आलेला इतका खूश माणूस मी बघितलेला नाही.

दुसऱ्या चाचणीला हे मैदानावर गेले नाहीत. माझ्या यंत्राशेजारी स्टूल ओढून बसले. मैदान तिथून दिसत नाही, पण आवाज येतो. वारा त्या दिवशीही होता, माझ्या कापडावर धूळ बसत होती. पहिला आवाज आला तशी ह्यांनी माझी कात्री हातात घेतली आणि घट्ट धरून बसले. आवाज, आवाज, आवाज. मधेच शांतता.

"अडकलं?" मी विचारलं.

"मॅगझीन बदलतेय. बोलू नकोस."

परत आवाज. परत शांतता, ती जरा लांबली. मी यंत्राचं चाक धरून बसले होते. मग पुन्हा आवाज, एकामागून एक, अगदी सारख्या अंतराने, आणि मग बंद.

"झालं," हे म्हणाले. कात्री खाली ठेवली. "सगळ्या गेल्या. एकही अडकली नाही." आणि माझा गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. तो चहा आहे की पाणी, हेही त्यांना कळलं नसणार. थोड्या वेळाने पोरगी धुळीने माखून आली आणि लांबूनच 'म्हातारी' हवेत हलवून दाखवली. मी मोठ्याने रडले. समोर भांडारातले लोक बघत होते, बघू देत.

तिच्या पहिल्या ड्यूटीच्या सकाळी हे खिडकीत उभे. 'म्हातारी' पुढे केली. पोरीने ती उचलली, कानाशी नेली, हलवली. "वाजतंय, बाबा," म्हणाली आणि गाडीकडे गेली. मला वाटलं, आता दिवसभर हे फोन करून तिला भंडावून सोडणार. नाही केला. माझ्याकडे मात्र चार वेळा आले, बटण सैल झालंय म्हणून. बटण नीट होतं.

संध्याकाळी गाड्या परत आल्या. कैदी पोचले होते, परत आले होते, काहीही घडलं नव्हतं, आणि कैद्यांच्या ड्यूटीत याच्याइतकी चांगली बातमी नाही. खिडकीशी रांग लागली. मी यंत्रावर खोळ घालत होते. हे नेहमीप्रमाणे मान खाली घालून एकेक पिस्तूल घेत होते. "तेल कमी." "हे उद्या माझ्याकडे ठेव." "मॅगझीन पाडलंस."

मग आमच्या पोरीचा नंबर आला. तिने 'म्हातारी' फळीवर ठेवली. हे हललेच नाहीत. पिस्तूल फळीवर तसंच, आणि हे मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पिस्तूल इथे खाली आहे."

ह्यांनी खाली बघितलं नाही. मागे ढेकर हवालदार उभा होता, त्याला घरी जायची घाई. तो म्हणाला, "अहो, मागे रांग आहे."

"असू दे," हे म्हणाले.